समरांगण आणि शाळा

'रोबो' हा शब्द आता आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याचे मूळ कोणी विचारीत नाही. १९२० साली कारेल चापेक या चेक नाटककाराने एक नाटक लिहिले. ते १९२१ साली रंगभूमीवर आले आणि तेथून हा शब्द जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने मुकाट्याने करावयाचे सक्तीचे काम. मराठीत आपण त्याचे 'यंत्रमानव' असे भाषांतर केले. भाषांतर भारदस्त झाले खरे, पण त्यातून वेठ निघून गेली आणि मुळात नसलेला मानव आत आला. मराठवाड्यातील श्रोत्यांना वेठ म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे कारण नाही. म्हणूनच रोबोविषयी बोलावयाचे तर ते बीड जिल्ह्यात बोलणे आम्हांस अधिक सोयीचे वाटते.

आजचा विषय लढाऊ रोबोचा आहे, आणि तोही शाळेतल्या. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. चार चाकांचे, एखाद्या डब्याएवढे किंवा पेटीएवढे यंत्र विद्यार्थी स्वतः बांधतात. ते बिनतारी लहरींनी दुरून चालविले जाते. भक्कम पारदर्शक भिंतींच्या चौकात अशी दोन यंत्रे समोरासमोर सोडतात आणि ती एकमेकांस ढकलतात, उलथतात, प्रसंगी मोडून टाकतात. कुस्ती दोन-तीन मिनिटांत आटोपते. मग ते मोडके यंत्र वर्गातल्या टेबलावर येते, त्याचे झाकण निघते आणि त्यावर शिकविणे सुरू होते. आज कॉलेजांत आणि काही शाळांतही हे चालते. पुष्कळ पालकांना ते पटत नाही. मुलांच्या हाती मारामारीचे यंत्र कशाला द्यावयाचे, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही शिक्षणशास्त्राकडे न मागता इतिहासाकडे मागणार आहो, कारण लढणारे यंत्र आणि शिकविणारे यंत्र ही दोन्ही आपल्याकडे फार जुनी आहेत. मात्र ती दोन निरनिराळ्या घरांत वाढली.

लढणाऱ्या यंत्राची जुनी आठवण जैनांच्या भगवतीसूत्रात आहे. मगधाचा राजा अजातशत्रू, ज्याला जैन ग्रंथ कूणिक म्हणतात, त्याचे आणि वैशालीच्या चेटकाचे युद्ध झाले. त्या युद्धात 'रथमुसल' नावाचे एक साधन वापरले गेले असे तो ग्रंथ सांगतो. रथाला घोडे नाहीत, सारथी नाही, वर योद्धाही नाही. एक मुसळ मात्र जोडलेले आहे, आणि तो रथ सैन्यात धावत सुटतो व माणसे चिरडतो. असे यंत्र खरोखर होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. पण माणसावाचून लढणाऱ्या यंत्राची कल्पना इतक्या नेमक्या शब्दांत त्या काळी कोणाला सुचली, हीच गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात युद्धयंत्रांची यादी दिली आहे आणि त्यांचे स्थिर व चल असे दोन वर्गही केले आहेत. त्यांतील कितीएक नावांचा अर्थ लावताना टीकाकारांची तारांबळ उडते, याचे कारण पुढे येईल.

दुसरी कथा ब्रह्मदेशात जपल्या गेलेल्या 'लोकपञ्ञत्ति' या पाली ग्रंथातली. ती जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. रोम देशात यंत्रकार पुष्कळ होते. ते यंत्रांचे पुतळे करीत आणि त्या पुतळ्यांकडून व्यापार, शेती, पहारा अशी सर्व कामे घेत. परंतु ही विद्या देशाबाहेर न्यावयाची नाही असा कडक नियम होता. कोणी यंत्रकार देश सोडून निघाला की एक यंत्राचाच पुतळा त्याच्या मागावर धावे आणि त्याचा शिरच्छेद करी. पाटलिपुत्रातल्या एका तरुणाला या विद्येचा ध्यास लागला. पुढच्या जन्मी तो रोम देशात जन्मला, तेथल्या प्रमुख यंत्रकाराच्या मुलीशी त्याने लग्न केले आणि विद्या हस्तगत केली. मायदेशी परतावयाचे ठरल्यावर त्याने यंत्राचे टिपण स्वतःची मांडी चिरून आत ठेवले व वरून शिवून टाकले. मुलाला सांगून ठेवले की मी वाटेत मारला जाईन. माझे प्रेत पाटलिपुत्रास ने आणि टिपण काढून घे. तसेच झाले. त्या मुलाने अजातशत्रूसाठी तलवारी घेतलेले यंत्राचे पहारेकरी बांधले आणि ते बुद्धाच्या अस्थींच्या रक्षणास उभे राहिले. कालांतराने अशोकाला त्या अस्थी हव्या झाल्या, तेव्हा हे पहारेकरी त्याच्याशी झुंजले. त्यांची कळ ठाऊक असलेल्याने ती सांगितली तेव्हाच ते आवरले, असे या कथेच्या एका पाठात आहे.

दंतकथा म्हणून ती सोडून देता येईल. पण मांडीत शिवलेले ते टिपण आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. विद्या शिकावयाची तर लग्नाचा बहाणा हवा, आणि शिकविलेली विद्या घरी न्यावयाची तर जीव द्यावयास हवा. तेथे शाळा कशी निघणार?

यानंतर येतो धारचा परमार राजा भोज. अकराव्या शतकातल्या या राजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा मोठा ग्रंथ आहे. गणपतिशास्त्री यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९२४-२५ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापून निघाला. सयाजीराव महाराजांच्या विद्याप्रेमाचे हेही एक फळ होय. त्याचा एकतिसावा अध्याय यंत्रांचा आहे. नाचणाऱ्या बाहुल्या, पाणी उडविणारे हत्ती, विडा पुढे करणारी लाकडी दासी, पाऱ्याच्या जोरावर उडणारे लाकडी विमान, असा सारा राजवाड्याचा थाट त्यात आहे. आणि त्यातच दारावर उभा राहणारा लाकडी द्वारपाल आहे. त्याच्या हाती दंड, मुद्गर किंवा तलवार; रात्री चोर शिरला की तो त्याला मारतो. आजच्या भाषेत हा लढाऊ रोबोच झाला.

परंतु त्याचे आतले चाक कसले, दोरी कोठून कोठे गेली, हे भोज सांगत नाही. आणि सांगत नाही हे मात्र स्पष्ट सांगतो. यंत्रांची घडण आपण दिली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, गुप्तता राखावी म्हणून, असा त्याचा खुलासा आहे. सर्वांना कळले की यंत्राची किंमत गेली, हा त्यातला भाव. त्याच भोजाने यंत्रकाराला लागणाऱ्या गोष्टी मोजल्या आहेत: परंपरेने आलेले कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास, कामाचा उद्योग आणि बुद्धी. यादी इतकी चांगली आहे की ती कोणत्याही तंत्रशाळेच्या दारावर लावावी. पण गुप्ततेची अट वर बसली आणि कौशल्याची परंपरा त्या त्या कारागिराबरोबर संपत गेली. आज आमच्यापाशी द्वारपालाचे वर्णन आहे, द्वारपाल नाही. कौटिल्याच्या यादीतली नावे आज नुसती नावे उरली आहेत, त्याचेही कारण बव्हंशी हेच असावे.

आता दुसऱ्या घराकडे, म्हणजे शिकविणाऱ्यांकडे वळू. येथे बीडचा थोडा संबंध येतो. थोडाच, कारण तो वादाचा आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे १११४ चा. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले 'विज्जडविड' असल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. नावाच्या सारखेपणावरून काही अभ्यासकांनी हे गाव म्हणजे आपले बीड असे मानले आहे. आमचे मत विचाराल तर पुराव्याचे वजन खानदेशाकडे अधिक पडते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवळात डॉ. भाऊ दाजी लाड यांना भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख सापडला, ही गोष्ट डावलता येत नाही. बालाघाट हाही सह्याद्रीचाच फाटा, असे म्हणून बीडकरांनी आपला हक्क जागता ठेवावा. त्यात कोणाचे नुकसान नाही.

गाव कोणतेही असो, या पंडिताने लढाई वर्गात कशी आणली ते पाहण्यासारखे आहे. लीलावतीत एक उदाहरण आहे. कर्णाशी लढताना अर्जुनाने काही बाण घेतले. निम्म्या बाणांनी कर्णाचे बाण अडविले, बाणांच्या वर्गमूळाच्या चौपटीने घोडे मारले, ६ बाण शल्यावर, ३ बाण छत्र, ध्वज आणि धनुष्य यांवर टाकले आणि शेवटच्या एका बाणाने कर्णाचे मस्तक उडविले. तर एकूण बाण किती? उत्तर १००. पन्नास, चाळीस, सहा, तीन आणि एक, मांडून पाहावे. दुसऱ्या उदाहरणात एक राजा शत्रूचे हत्ती धरण्यासाठी पहिल्या दिवशी २ योजने जातो आणि रोज सारखी वाढ करीत ७ दिवसांत ८० योजनांवरचे नगर गाठतो. रोजची वाढ किती? उत्तर २२/७ योजने. वर्तुळाशी या उदाहरणाचा काही संबंध नाही, पण शाळेतला तो ओळखीचा अपूर्णांक येथे अवचित भेटतो आणि मजा वाटते. महाभारतातला सर्वांत करुण वध पोरांच्या पाटीवर वर्गसमीकरण होऊन उतरतो, आणि त्यामुळे कोणी पोर मारकुटे झाल्याचे ऐकिवात नाही. लढाईचा जोर वापरून घ्यावयाचा आणि तिचे गूढ मात्र उघडे करावयाचे, ही युक्ती आठशे वर्षांपूर्वीची आहे.

भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, सिद्धांतशिरोमणी पुरा केला. त्याच्या गोलाध्यायात यंत्रांचे प्रकरण आहे: गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक. प्रत्येक कसे करावे, कसे धरावे, त्यावरून काय मोजावे हे तेथे सांगितले आहे. भोजाप्रमाणे झाकून ठेवणे नाही. आणि दहावे यंत्र म्हणून त्यांनी धी, म्हणजे बुद्धी सांगितली; खरे यंत्र तेवढे एकच असा त्यांचा अभिप्राय आहे.

त्याच प्रकरणात आपोआप फिरणारे एक चक्र येते. आऱ्या पोकळ, त्यांत पारा अर्धा भरलेला. चक्र आसावर बसविले की स्वतःच फिरत राहते असे म्हटले आहे. ते फिरणार नाही, हे आजचा अकरावीचा विद्यार्थीही सांगेल. पण आचार्यांनी शेवटी काय लिहिले आहे ते महत्त्वाचे. असली स्वयंवह यंत्रे कुहकविद्येने, म्हणजे गारुड्याच्या हातचलाखीने होतात. गोलाच्या विषयाशी त्यांचा संबंध नाही. पूर्वीच्यांनी सांगितली म्हणून आपणही सांगितली, एवढेच. शिकविणाऱ्या माणसाने पोथीतल्या चमत्काराला असे बाजूला ठेवावे हे आम्हांस त्या चक्राहून मोठे वाटते. (खरे स्वयंवह पाहावयाचे असेल तर बीडजवळची खजिना विहीर पाहावी. निजामशाहीच्या काळी बांधलेल्या या विहिरीचे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने उताराच्या जोरावर शेतांकडे जाते. ना मोट, ना बैल, ना पारा. उतार बरोबर धरला, बस्स.)

भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने पाटण येथे मठ काढला आणि त्याला शके ११२८ मध्ये निकुंभ वंशातल्या सोइदेवाने दिलेले दान शिलालेखात कोरलेले आहे. यंत्राचे टिपण मांडीत शिवण्याऐवजी ते दगडावर जाहीर करणारे हे दुसरे घराणे.

आणि शिकविण्याचे साधन म्हटले की अंबाजोगाईला विसरून कसे चालेल? दासोपंतांची (१५५१ ते १६१५) पासोडी अनेकांनी पाहिली असेल. जाडजूड सुती कापडाचा लांबच लांब पट्टा, आणि त्यावर ओव्या व आकृत्या यांनी मांडलेले पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूते एकमेकांत मिसळून सृष्टी कशी होते त्याचा उलगडा. वेदान्ताचा सर्वांत क्लिष्ट भाग नुसत्या तोंडी निरूपणाने श्रोत्याच्या डोक्यात शिरत नाही. तो कापडावर अंथरला पाहिजे, बोट ठेवून दाखविला पाहिजे, हे ज्याला उमजले तो हाडाचा शिक्षक. थंडीत पांघरावयाच्या वस्त्राचा त्याने फळा केला. भोजाचा यंत्राध्यायही यंत्रांची बीजे म्हणून पृथ्वी, आप, तेज, वायू हीच भूते सांगतो. तेथे ती पडद्यामागे राहतात, अंबाजोगाईत ती सर्वांसमोर उलगडतात.

ही दोन घराणी एकत्र आली ती अगदी अलीकडे, आणि समुद्रापलीकडे. १८९८ साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक लहान नाव सोडली आणि ती तारेवाचून दुरून चालविली. युद्धात याचा उपयोग होईल हे त्याने ओळखले होते. लोकांना मात्र हे भूत की माकड ते कळेना. टेस्ला प्रेक्षकांना म्हणे, नावेला प्रश्न विचारा. कोणी विचारले, ६४ चे घनमूळ किती? नावेवरचे दिवे चार वेळा लुकलुकले. दिवे अर्थात टेस्लाच लुकलुकवीत होता. हीच ती कुहकविद्या! लढाऊ यंत्र पहिल्यांदा गणित सांगावयास उभे राहिले ते असे, गारुड्याचे कपडे घालून.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकाने १९४८-४९ च्या सुमारास दोन यांत्रिक कासवे केली. युद्धातले उरलेसुरले भाग आणि गजराच्या घड्याळांची चाके यांतून ती जमली. ती उजेडाकडे वळत, अडथळा आला की बाजूने जात. कासव हे नाव पुढे टिकले. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली आणि थोड्याच वर्षांत तिच्या हुकुमाने जमिनीवर फिरून रेघ काढणारे कासव अमेरिकेतल्या मुलांपुढे आले. पॅपर्ट सांगत की लहानपणी आपण दातेरी चाकांशी खेळलो, म्हणून पुढे समीकरणे सोपी गेली.

त्यानंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकाने एक नामी युक्ती केली. वर्गातल्या प्रत्येकाला सारखीच एक पेटी द्यावयाची. आत किरकोळ भंगार, मोटारी, पट्ट्या, स्प्रिंगा. त्यातून यंत्र करावयाचे आणि सत्राच्या शेवटी दुसऱ्याच्या यंत्राशी झुंजवावयाचे. परीक्षेचे रूपांतर फडात झाले. नुसत्या लढाईचा खेळ निराळ्या वाटेने आला. मार्क थॉर्प या कलावंताला घरासाठी दुरून चालणारा झाडू करावयाचा होता. तो काही जमला नाही, पण त्याच्यातून १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत रोबोंचे युद्ध उभे राहिले, आणि पुढे दूरचित्रवाणीने ते घरोघर नेले.

महाराष्ट्रात ही लाट आली ती कॉलेजांच्या दाराने. मुंबईच्या आय. आय. टी.चा 'टेकफेस्ट' १९९८ पासून भरतो. तेथल्या रोबोंच्या कुस्त्यांना जत्रेसारखी गर्दी लोटते. २००८ साली आशिया-पॅसिफिक देशांची 'रोबोकॉन' स्पर्धा पुण्यात भरली, तेव्हा तिचा विषय ठेवला होता दहीहंडी! देशोदेशींची पोरे आपल्या यंत्रांकडून उंच हंडीतले लोणी काढवीत होती. परका खेळ आपल्या मातीत कसा रुजवावा याचा हा धडाच म्हणावा लागेल. पुण्याजवळ दिघी येथे संरक्षण संशोधन संस्थेने 'दक्ष' हा रोबो बांधला आणि २०११ साली तो सैन्याच्या हाती पडू लागला. तो जिने चढतो, बाँब उचलतो, निकामी करतो. आणि मुंबईच्याच आय. आय. टी.ने 'ई-यंत्र' हा उपक्रम काढून रोबो हे कॉलेजांत शिकविण्याचे साधन केले. त्यात आधी प्राध्यापकांना शिकविले, मग मुलांना. हा क्रम आम्हांस विशेष आवडला.

पण बीडच्या मुलाला हे सारे दूरचे वाटेल, आणि ते तसे नाही हे दाखविण्यासाठी आता यंत्र उघडू या. लढाऊ रोबोच्या पुढल्या बाजूस कित्येकदा एक जड कडे असते व ते गरगर फिरते. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभे राहून ज्याने गोफण फिरविली आहे त्याला या कड्याचे मर्म कळलेलेच आहे. धोंडा मोठा असण्यापेक्षा फेरा वेगाचा हवा. २०० ग्रॅम वजनाचे कडे ५ सेंटिमीटर त्रिज्येवर मिनिटाला ६००० फेरे घेऊ लागले की त्यात सुमारे १०० जूल ऊर्जा साठते; १० किलोचे पोते मीटरभर उचलावे इतकी. फेरे दुप्पट, १२,००० केले तर? मुले म्हणतात २००. उत्तर ४०० येते. वर्गाचा नियम फळ्यावर दहा वेळा लिहून जो डोक्यात शिरत नाही तो पत्र्याला पडलेल्या एका खोकीने शिरतो. असले कडे फिरत असताना रोबोने झटकन वळण घेतले तर त्याचे एक चाक जमिनीवरून उचलले जाते. का? भोवरा तिरका फिरवून पाहावा. पुढे उतरती पाचर लावली की समोरचा रोबो तिच्यावर चढून उलथतो. तो उतरणीचा नियम. मोटार मिनिटाला ६००० फेरे घेते, ते दातेरी चाकांनी ३० पटींनी कमी केले की २०० होतात आणि जोर तितका वाढतो, थोडा घर्षणात जातो. ७ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर २२ सेंटिमीटर. म्हणजे रोबो मिनिटाला ४४ मीटर धावेल. राजाच्या हत्तींवरल्या स्वारीतला २२/७ येथे पुन्हा आला, आणि या खेपेस त्याचे वर्तुळाशी खरोखर नाते आहे.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. फिरते कडे उघड्या वर्गात चालवू नये. बंद पिंजरा नसेल तर पाचर आणि ढकलाढकल एवढ्यावरच भागवावे. शिकावयास तेवढे पुष्कळ आहे. लिथियमच्या बॅटरीला खिळा लागला तर ती पेटते. वाळूची बादली जवळ असावी.

खरा पाठ कुस्तीनंतरचा. हरलेला रोबो टेबलावर येतो आणि सर्वांसमोर त्याचे झाकण निघते. तार कोठे सुटली, स्क्रू का ढिला झाला, वजन एका बाजूस का गेले हे ज्याने तो बांधला तोच सांगतो आणि ज्याने तो मोडला तोही ऐकतो. जिंकलेल्याचेही झाकण निघाले पाहिजे. नाहीतर आपण पुन्हा भोजाच्या दारात जाऊन उभे राहू.

केंद्र सरकारने २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना काढली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत मदत असे तिचे स्वरूप. योजना चांगली आहे. पण अशा साहित्याचे अनेक ठिकाणी काय होते हे शिक्षकांना ठाऊक आहे. कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, पाहुणे आले की रोबो बाहेर निघतो, दोन फेऱ्या मारतो आणि पुन्हा कपाटात. तुटेल याची भीती! जे तुटण्यासाठीच बांधावयाचे ते तुटेल म्हणून झाकून ठेवले, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या रोम देशाच्या नियमात आणि आपल्या साठा नोंदवहीत फरक काय राहिला?

आणि या जिल्ह्याला हा फरक चैनीचा नाही. दसरा-दिवाळी उलटली की येथून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणावयाचे, हीच मुळी माणसाची हत्याराने केलेली मोजणी. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून जावे लागते; आणि त्यांच्याबरोबर वर्गातली कितीएक नावे हजेरीपटावर उरतात, मुले कोपीवर जातात. हंगामी वसतिगृहांनी काहींना थोपविले आहे, सर्वांना नाही. आता उसाच्या फडात तोडणीची यंत्रेही फिरू लागली आहेत. ती वाढली तर कोयत्याची वेठ जाईल, आणि कदाचित कोयत्याची भाकरीही जाईल. या यंत्राशी आपल्या मुलांची गाठ कोणत्या बाजूने पडणार? बांधावर उभे राहून पाहणाऱ्याच्या, की बिघडले तेव्हा त्याचे झाकण उघडणाऱ्याच्या? चापेकच्या नाटकातली वेठ येथे पुस्तकातली राहत नाही.

म्हणून शाळांनी असा उद्योग हाती घेतला तर त्याचे पंचांग जिल्ह्याप्रमाणे असावे, एवढी आमची व्यवहाराची सूचना आहे. शहरातल्या स्पर्धा हिवाळ्यात भरतात. तोवर येथले निम्मे बांधणारे फडावर गेलेले असतात. जूनमध्ये शाळा उघडताच बांधणीला हात घालावा. भंगारातल्या पुसणीयंत्राच्या मोटारी, सायकलच्या साखळ्या, पत्र्याचे डबे हे सारे आपल्या बाजारात मिळते. पोळ्यापर्यंत चाके फिरावीत, गणपतीत पहिली कुस्ती व्हावी. अखेरची खंडेनवमीला ठेवावी. त्या दिवशी घरोघर कोयता, विळा, नांगर, पाना यांना हळदकुंकू लागते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तीच पोरे पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतात. हत्याराची पूजा आणि पाटीची पूजा यांच्यामध्ये एक रात्र असते.

प्रत्येक रोबोबरोबर एक वही असावी. कोणती तार, किती दात्यांचे चाक, कोणत्या दिवशी काय मोडले आणि कोणी कसे जोडले, ते मुलांच्याच अक्षरांत तीत लिहिलेले असावे. टोळी निघाली की रोबो शाळेत राहील, पण वहीची एक प्रत जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत घालता येते. मांडी चिरावी लागत नाही.